गादीखालच्या लवंगा

प्रिय ताई,

फोनवरच सांगितलं असतं, पण तुझी लेक फोनला कान लावूनच बसते, म्हणून लिहायला घेतलं. ठमीची दाढ दुखत होती. लगेच घाबरू नकोस, आधी सगळं वाच.

सुरुवातीला घरचंच केलं. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या, दाढेखाली लवंग, गालावर गार पाण्याची घडी. शिवणयंत्र बंद ठेवून उशाशी बसले. गिऱ्हाइकं तोंड वाकडं करून परत गेली. गुळण्या करताना कार्टी अर्धं पाणी माझ्या अंगावर उडवायची. अगदी तुझ्यावर गेलीये. तू कडू औषध कुंडीत ओतायचीस आणि झाड वाळलं की बोलणी मला. पण दुखणं काही हटेना. रात्री जरा बरं वाटायचं, सकाळी पुन्हा गाल धरून रडणं. गाल सुजायला लागला तशी माझी झोपच उडाली. म्हणे माय मरो नि मावशी जगो! इथे मावशीच्या हाताला गुणच नाही, असं वाटून स्वतःचाच राग यायचा.

काल गादी उन्हात टाकायला उचलली, तर खाली सगळ्या लवंगा. एकही चावलेली नाही. शेजारी चॉकलेटचे चुरगाळलेले कागद. हात उगारलाच होता गं मी. तर मला विचारते कशी, ताप आला तेव्हा आई आली होती ना, मग नुसत्या दाढेला येते, की गाल खूप सुजावा लागतो? माझा हात तसाच राहिला.

आज दातांच्या डॉक्टरांनी दाढ काढली. दुधाचीच होती, नवी येईल. खुर्चीत हूं की चूं केलं नाही तिनं. घरी आल्यावर मात्र हमसून हमसून रडली. दुखतंय का विचारलं, तर नाही म्हणाली, आणि आणखीच रडली.

त्या वृद्धाश्रमातल्या आजारी माणसांना सोडून रजा मागणं सोपं नाही, कळतं मला. तुला रजा मिळते ती घरी कोणी आजारी पडलं तरच. आणि सगळं ठीक आहे म्हटलं की तूही निर्धास्त होतेस. पोरीनं हे बरोबर हेरलंय. म्हणून मुद्दाम कळवते, ठमी ठणठणीत आहे. सूज उतरतेय, मऊ भात खाल्ला, आत्ता अंगणात खेळतेय. काहीसुद्धा झालेलं नाही तिला. ताई, म्हणूनच ये.

तुझीच,
धाकटी