वाळवणीच्या पंख्याचं बेअरिंग

९ नोव्हेंबर

चि. छोट्या,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळे ठीक, तुम्हीही ठीक असाल असं धरून चालते. आईचा गुडघा जिना चढताना कुरकुरतो, पण डॉक्टरकडे चल म्हटलं की लगेच बरा होतो. तुझ्या भाचीला चष्मा लागला. आता सगळ्यांकडे परीक्षक असल्यासारखी बघते.

गेल्या महिन्यात कारखान्यात वाळवणी विभागाच्या मोठ्या पंख्यासाठी बेअरिंग मागवायचं होतं. अलीकडे मी भार, वेग, तापमान सगळं लिहून काढल्याशिवाय ऑर्डर देत नसे. गरम हवेच्या पंख्याला आत किंचित जास्त ढिलाई असलेलं बेअरिंग लागतं, नाहीतर धातू फुगला की गोळ्या आवळल्या जातात. हे तूच मला खडूनं फरशीवर वर्तुळं काढून शिकवलं होतंस.

नव्या मॅनेजरबाई म्हणाल्या, "अधिकृत विक्रेत्याकडून यायला सात आठवडे लागतील. बाजारातला व्यापारी उद्या देतोय. तेच खोकं, तोच नंबर. तुमची हरकत काय?"

"तसल्या खोक्याची मला ओळख आहे," मी म्हणाले.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे?"

मग मी सांगितलं. तुझ्याशी बोलायच्या आधी परक्या बाईशी बोलले, याचा राग आला तर येऊ दे. पण पुढचं वाच.

सहा वर्षांपूर्वी, तू इथे फिटर होतास तेव्हाही, मला घाईच होती. पंखा बंद, साहेब दर तासाला टेबलापाशी. व्यापाऱ्याकडून जोडी आणली. तू त्यातलं एक हातात घेऊन फिरवलंस, कानाशी धरलंस. "ताई, हे खरं वाटत नाही. खरखरतंय. अक्षरंही पुसट आहेत."

"बसव मुकाट्यानं," मी म्हणाले. "सगळे माझ्या डोक्यावर बसलेत."

अकराव्या दिवशी ते जाम झालं, शाफ्ट तुटला आणि आवरणाचा पत्रा उडून ऑपरेटरच्या पायावर बसला. चौकशीत ठरलं, फिटरनं हातोडीनं ठोकून बसवलं म्हणून फुटलं. तू तर ते नीट तापवून बसवलं होतंस, मी तिथेच उभी होते. चौकशीचं टिपण मीच लिहीत होते, छोट्या. तू दोनदा माझ्याकडे बघितलंस. मी कागदाकडे बघत राहिले. तुला काढलं तरी तू माझं नावही घेतलं नाहीस. आणि घरी मी काय सांगितलं? छोट्याचं डोकं गरम, भांडून नोकरी सोडली. आई तेच धरून बसली.

माझी नोकरी गेली असती तर घर चाललं नसतं, असं मी स्वतःला सांगत आले. ते खोटं नाही. पण तेवढंच कारण नव्हतं. मला कामात हुशार म्हणायचे, आणि ते मला सोडवत नव्हतं.

जोडीतलं दुसरं बेअरिंग स्टोअरमध्ये तसंच पडून होतं. बाईंनी ते तपासायला पाठवलं. पोलाद कच्चं निघालं, आणि मूळ कंपनीनंही हा माल आमचा नाही असं लेखी कळवलं. तुझ्यावरचा ठपका मागे घेतल्याचं पत्र सोबत जोडलंय. मला खरेदीतून काढून मालाच्या फाटकावर बसवलंय. गाड्यांचे नंबर लिहिते.

ऑपरेटरच्या घरीही जाऊन आले. त्यानं सगळं ऐकून घेतलं. पाय समोरच्या खुर्चीवर ताणलेला होता. म्हणाला, "सहा वर्षं मी त्याला शिव्या घातल्या. त्याचा पत्ता द्या." मला एकही शिवी दिली नाही, ते जास्त लागलं. पत्ता दिलेला नाही. द्यायचा की नाही, ते तू कळव.

काल आईलाही सांगितलं. ती म्हणाली, "मी त्याला फोनवर काय काय बोलले गं." संध्याकाळी कागद आणि पेन माझ्यासमोर आणून ठेवलं.

मी माफी मागत नाही. मागितली की तू लगेच देऊन टाकशील, तुझी खोड मला माहीत आहे, आणि मग पुन्हा तुझ्याच चांगुलपणावर माझं निभावेल. तू हवं तितकं रागाव. उत्तर नाही पाठवलंस तरी चालेल. आईला मात्र फोन कर.

तुझ्या गप्प राहण्यावर सहा वर्षं नोकरी केलेली,
तुझी ताई