चिकण्याचं दूध

७ ऑक्टो.
मेघाला सातवा लागला. काल जावयांनी पनवेलहून आणून सोडलं. आधीची दोन पोटातच गेली माझ्या पोरीची. या खेपेला काही म्हणजे काही होऊ द्यायचं नाही. जिना चढली तरी दम लागतो. सकाळी वाडीच्या कडेचा चिकणा उपटला. सासूबाईंची रीत – मुळी काढताना तोंडातून शब्द काढायचा नाही, आणि जिला द्यायची तिला नाव सांगायचं नाही. सांगितलं की गुण जातो. मलाही त्यांनी अशीच दुधात उकळून दिली होती, पोरं कशी टुणटुणीत झाली. रेश्मावहिनी कुंपणापलीकडून विचारत राहिली, "काय शोधतेस गं?" मी ढिम्म. फुगून बसली असेल आता.

९ ऑक्टो.
दूध आवडलं. "यात काय घातलंस, आई?" "सुंठ." म्हटलं, एवढं खोटं चालतं.
पाला ठेचून पाण्यात चुरला, छान बुळबुळीत झाला, तिच्या केसांना लावला. पाल्याला असलं काही बंधन नाही. लहानपणी गळवावरही हाच बांधायचे. उरलेल्या काड्यांचा यांनी खराटा बांधला, वाकतात पण मोडत नाहीत मेल्या. एवढं गुणी झाड, आणि लोक तण म्हणून फेकतात.

१३ ऑक्टो.
दूध प्यायलं की छाती धडधडते म्हणते. म्हटलं, अंगात ताकद भरतेय. मुळी दुप्पट केली.

१६ ऑक्टो.
तपासणी. बीपी वाढलंय. बरंच. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरचं, झाडपाल्याचं काही घेता?" मेघा लगेच, "छे हो, आई सुंठीचं दूध देते तेवढंच." दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. मी हो म्हणून मान हलवली. काय झालं होतं मला? सांगितलं तर गुण जाईल, हे डोक्यात होतं. आणि लाजही. खरं तर लाजच जास्त.
गोळ्या दिल्यात. दूध आजपासून बंद. मेघा विचारते, का? सुंठ संपली म्हटलं. आणखी एक खोटं.

१७ ऑक्टो.
पाय सुजलेत. दुपारी पोटावर हात ठेवून बसली होती. "आई, आज कमी हलतंय गं." स्वैपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिले. देवा, मी काय करून बसले.
यांना सगळं सांगितलं. आधी उठून किल्ली घेतली. मग, "चल, गाडी काढतो. तिथे जाऊन सांग."
"नाव सांगितलं की..."
"पोर गेली तर गुण चाटायचाय का?"
असं कधी बोलले नव्हते माझ्याशी.

१७च, दवाखान्यात, संध्याकाळ.
चिकण्याचं अख्खं झाड मुळासकट पिशवीतून नेलं. सगळं सांगितलं, किती, कधीपासून, दुप्पट केली तेही. डॉक्टरीणबाई ओरडतील वाटलं होतं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "याच्यानेच वाढलं असं मी म्हणणार नाही. पण याने छाती धडधडू शकते, बीपी वाढू शकतं. काल विचारलं तेव्हा कळायला हवं होतं." बाळाचे ठोके ऐकू आले. आहेत. मला तिथेच रडू फुटलं. पण मेघाला इथेच ठेवायचंय, बीपी उतरेपर्यंत. नाही उतरलं तर काय, ते मी विचारलं नाही.
मेघाने सगळं ऐकलं.

१८ ऑक्टो.
सकाळी बीपी तेवढंच. बाळ थोडं हललं म्हणते, नर्सला सांगत होती. मला नाही.
मघाशी पाणी मागितलं. तांब्यातून ओतून दिलं. भांडं हातात धरून आत बघत बसली. मग म्हणाली, "आई, नुसतं पाणीच आहे ना?"
हो म्हटलं. अजून प्यायली नाही.