त्या ड्रॉइंगवरची सही

शनिवार, १८ ऑक्टोबर. ॲन आर्बर, अमेरिका.

आज हॅरॉल्डची शोकसभा झाली. इंग्लंडहून इथे येऊन चाळीस वर्षं त्यांनी स्वतःच्या डिझाइनच्या रेसिंग कार बनवल्या. त्यातली अकरा वर्षं मी त्यांच्या हाताखाली होतो.

भाषणात त्यांचा मुलगा पीटर म्हणाला, "डॅडनी आयुष्यात एकच मोठी चूक केली, ती त्या ब्रॅकेटची." लोक हळूच हसले. मी खाली बघत बसलो.

चाक गाडीला धरून ठेवणाऱ्या त्या ब्रॅकेटचं ड्रॉइंग माझं होतं. शर्यतीत ते तुटलं, ड्रायव्हरचा पाय मोडला, गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली. माझा व्हिसा तेव्हा त्यांच्याकडच्या नोकरीवर अवलंबून होता; ती गेली असती तर देश सोडावा लागला असता. हॅरॉल्डनी ड्रॉइंगवरचं माझं नाव खोडून स्वतःची सही केली. मला एवढंच म्हणाले, "जा, चहा कर."

परतताना बायकोला, मीनलला, पहिल्यांदाच हे सांगितलं. ती गाडी चालवत होती.

"आता सांगून काय मिळणार?" म्हणाली. मग पुढच्या सिग्नलला, "पण पीटर हेच सांगत राहणार ना, जन्मभर."

सही त्यांची, चूक माझी. ग्रीन कार्ड मिळाल्यावर तरी का नाही बोललो? भीती तर संपली होती. सवय झाली होती बहुतेक.

घरी आल्यावर पीटरला फोन केला आणि सगळं सांगितलं.

"मी त्यांना त्यावरून फार चिडवायचो," तो म्हणाला. "ते नुसते हसायचे." मग म्हणाला, "पुढच्या शनिवारी वर्कशॉपची जुनी मंडळी जेवायला येतायत. त्यांना मी सांगणार नाही. तू ये आणि तू सांग."

मी हो म्हटलं.