एका पत्राचा एक रुपया

सर, परवा गगनबावड्याच्या वाटेवरच्या एका गावात व्याख्यानाला गेले होते आणि परतताना एसटीत तुमचा राग आला. तुम्ही जाऊन एकोणीस वर्षं झाली, आता रागावून उपयोग काय, पण आला. कार्यक्रम आटोपल्यावर आयोजक माझ्यासमोरच मंडपवाल्याचे पैसे देत होते. "ह्याचं आधी भागवा, न्हायतर त्यो खुर्च्या उचलायचा न्हाई." मग माझ्याकडे वळून हात जोडले, "मॅडम, तुम्ही काय पैशासाठी लिहिताय व्हय?" माझ्या मांडीवर शाल आणि नारळ. असल्या शालींनी कपाटाचा एक कप्पा भरलाय. उघडला की डांबरगोळ्यांचा वास येतो आणि किळस वाटते. त्यांची नाही, माझी. कारण मी हसून "छे छे" म्हणाले.

आठवीत होते. इचलकरंजीत आमच्या गल्लीतल्या, मागावर काम करणाऱ्यांच्या बायका माझ्याकडून माहेरी पत्रं लिहून घ्यायच्या. मी काही मागितलं नव्हतं. समोरच्या मावशींनीच पहिल्यांदा रुपया मुठीत कोंबला, "फुकट लिवलीस तर दुसऱ्यांदा यायला मला लाज वाटंल की गं." ते तुमच्या कानावर गेलं. मी वर्गात उभी आहे, तुमच्या बोटांना खडू लागलाय, आणि तुम्ही विचारताय, "अक्षरांचा बाजार मांडलास होय?" घरोघर जाऊन पैसे परत करायला लावलंत आणि दुसऱ्या दिवशी स्वतःचं शाईचं पेन मला दिलंत. इतका जीव लावलात, म्हणून तर ते बोलणं एवढं आत गेलं. मावशींनी रुपया घेतला. "आमचा पैसा वंगाळ हाय व्हय?" एवढंच म्हणाल्या. परत कधी आल्या नाहीत. पुढे त्यांच्या आईला कोण पत्र लिहीत होतं, की कुणीच नाही, मला माहीत नाही.

परवा निघताना कॉलेजातली एक मुलगी मागे आली. कथा लिहिते, घरचे दुकानात नोकरी धर म्हणतात. "मॅडम, लिहून घर चालतंय का ओ?" मी म्हणाले, "पैशाचा विचार करून लिहू नये." वाक्य तुमचं, आवाजही तुमचाच. माझं घर शिकवण्यांवर आणि नवऱ्याच्या फौंड्रीतल्या पगारावर चालतं, पुस्तकं मी पदरच्या खर्चानं छापते, हे गिळून टाकलं. तिनं ते वाक्य वहीत उतरून घेतलं, खाली रेघ मारली.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार? तेव्हा सांगूनच टाकते. सगळे पैसे परत केले, असं मी तुम्हांला सांगितलं होतं. दोन रुपये राहिले होते. कोपऱ्यावरच्या काकू तेव्हा गावी गेल्या होत्या, आणि त्या आल्यावर मी गेलेच नाही. त्या दोन रुपयांची वही आणली. माझी पहिली गोष्ट त्या वहीत आहे, तुमच्या पेनानं लिहिलेली.