तुझ्या नावाचं पान

आई, यंदा सर्वपित्रीला तुझ्या नावाचं पान गच्चीवर ठेवलं आणि ते तासाभरात साफ झालं. खिरीचा थेंब उरला नाही की वड्याचा तुकडा. बार्शीहून आलेली मावशी माझ्यामागोमाग वर आली, रिकामं पान बघून म्हणाली, "आली बग तुजी आई. लई भूक लागली हुती की तिला." आणि सगळ्यांना वाढायला खाली गेली. तू आली नव्हतीस, हे आता मला माहीत आहे. ते पान तुझ्या नातीनं खाल्लं. तू तिला पाहिलं नाहीस. सात वर्षांची आहे आणि तिला आकडी येते, आपल्या धाकटीला यायची तशीच. तू मला म्हणायचीसच, "रगतात हाय ही. तुज्या बी पोटाला यील." तुझं बोलणं खरं झालं, आता समाधान मान.

धाकटीला तू विसरली असशील, म्हणून मीच आठवते. भवानी पेठेतल्या आपल्या दोन खोल्या, खिडकीशी मशीनवर तू कारखान्यातून आणलेल्या टॉवेलच्या कडा शिवते आहेस, सुताची धूळ पार भाकरीच्या पिठापर्यंत पोचलेली. धाकटी मशीनखाली चिंध्यांत खेळते आहे. एकदम तिचे डोळे वर जातात, हात ताठ होतो. तू मशीन थांबवत नाहीस. कड पुरी करतेस, दोरा तोडतेस आणि मग तिच्या नाकाला चप्पल लावतेस. दवाखान्यातल्या गोळ्या तू बंद केल्या होत्यास, कारण त्यांनी पोरगी सुस्तावते आणि कामाला हात लावत नाही. मग कुणीतरी तुला तिच्यासाठी उपास सांगितले. सोमवार, गुरुवार, शनिवार, एकादशी, आणि आकडी फार आली की सलग दोन-दोन दिवस नुसतं पाणी. भाकरीची टोपली तू वर खिळ्याला टांगायचीस आणि धाकटी खाली बसून टोपलीकडे बघत राहायची. रडली की पट्टी तुझ्या हाताशी असायचीच. वाईट एवढंच की तुझा उपास लागू पडायचा. पोटात दोन दिवस काही गेलं नाही की तिची आकडी थांबायची, आणि तू गल्लीभर सांगत फिरायचीस, "हाय का न्हाय? प्वाट रिकामं आसलं की त्ये बी ऱ्हात न्हाय." उपास सुटला की पुन्हा तिचे डोळे वर. ती हौदात पडली तेव्हा उपास चालू नव्हता. पाण्याला तूच पाठवलं होतंस. तिला उंबऱ्याशी आणून ठेवलं तेव्हा तू एकदाच म्हणालीस, "सुटली." मग माझ्याकडे वळलीस, "भाकऱ्या टाक. मानसं येतील." मी टाकल्या. तू त्यातल्या एकीचा तुकडा मोडलास, चावलास आणि बाकीची भाकरी बाजूला सरकवलीस. "हाताला चव न्हाय तुज्या," म्हणालीस. त्या दिवशीसुद्धा. पुढं मी तुझ्यासाठी जे जे रांधलं ते तू असंच बाजूला सरकवलंस, अगदी शेवटच्या आजारातली पेजही.

तुझ्या नातीचं चौथ्या वर्षी सुरू झालं. एक गोळी, मग दुसरी, मग दोन्ही मिळून, तरी मान एकदम खाली पडायची आणि जेवता जेवता कपाळ ताटावर आपटायचं. शेवटी मेंदूच्या डॉक्टरांनी आहार बदलायला सांगितला. भाकरी, भात, गूळ, साखर जवळजवळ बंद. लोणी, साय, तेल, खोबरं, अंडं, पनीर, थोडी पालेभाजी, आणि हे सगळं काट्यावर मोजून. हे कसं काय चालतं, म्हणून मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, "माणूस उपाशी राहिला की शरीर चरबी जाळायला लागतं, आणि त्या अवस्थेत काही मुलांचे झटके थांबतात. फार पूर्वीच्या लोकांनाही ते कळलं होतं. पण मुलाला उपाशी ठेवून वाढवता येत नाही ना? म्हणून हा पोटभर जेवून केलेला उपास समजा." मला हसू आलं. मी इतकी हसले की नवऱ्यानं माझा हात दाबला. जिला जन्मभर शिव्या दिल्या ती अर्धी बरोबर निघाली, हे कळल्यावर दुसरं काय करायचं? अर्धीच हं. उपास तू दिलास, लोणी दिलं नाहीस. आणि घरात काही नव्हतं, असं मला सांगू नकोस. शेंगदाणे होते, तेल होतं, तुझ्या चहाला दूध होतं.

आता माझं ऐक. सोनाराकडे असतो तसला काटा माझ्या ओट्यावर आहे. शेंगांची चटणीसुद्धा मी चिमटीनं कमी-जास्त करते. वाटीला तेल राहिलं तर चालत नाही, बोटानं निपटून चाटायला लावते. सुरुवातीला तिला उलट्या व्हायच्या. मी तोंड धुवायची आणि पुन्हा वाटी पुढं करायची. खोकल्याच्या औषधात साखर आहे का, दात घासायच्या पेस्टमध्ये आहे का, हे मी इतक्यांदा विचारते की औषधाच्या दुकानातला माणूस मला बघून आत जातो. मैत्रिणीच्या वाढदिवसाला ती जाते, केकचा वास घेते आणि परत येते. एकदा वर्गातल्या मुलीनं दिलेलं बिस्कीट तिच्या तोंडात सापडलं. मी बोट घालून बाहेर काढलं. ती चावली, मी थोबाडीत दिली. पट्टी माझ्याकडे नाही, एवढाच फरक. "सगळे खातात ते मलाच का नाही?" म्हणून ती रोज भुणभुण लावायची, तेव्हा मी तिला एक उत्तर शिकवलं होतं. "ते माणसांचं जेवण आहे. तुझं वेगळं." पोरगी गप्प झाली आणि मला ते सोयीचं पडलं. आणि झटके थांबले, आई. पूर्ण थांबले. ती पाढे म्हणायला लागली, जिना एकटी उतरायला लागली. दोन वर्षं एकही आला नाही तर हळूहळू आहार सोडवू, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पहिला मान कडक भाकरीचा, ती तिनं स्वतःच्या हातानं मोडायची, हे आमच्या घरात ठरलेलं होतं. त्याला आता थोडेच दिवस राहिले होते.

तुला मुलगा नाही, म्हणून पान माझ्याकडे. नवरा म्हणाला, "यंदा राहू दे. घरात खीर नको." मावशी त्याच्यावर उखडली. "पान न्हाय घातलं तर आईचा तळतळाट पोरीला लागंल. येवडं चांगलं चाललंय तिचं, तुमी कशाला इस्तवाशी खेळता?" मला हसता आलं असतं. नाही हसले, भ्याले. काट्यावर विश्वास ठेवणारी मी, तुला भ्याले. मी सगळं केलं. तांदळाची खीर, वडे, गवार-भोपळा, कढी, आमसुलाची चटणी. पोरीला तिचं पनीर-पालक आधी भरवलं आणि मगच केळीचं पान वाढलं. मावशी तिला म्हणाली, "आजी कावळा हून येनार आन् ह्ये समदं खानार." पोरीनं विचारलं, "आजीला मोजून नाही द्यायचं?" सगळे हसले. मी पान गच्चीवर ठेवलं आणि खाली येऊन भजी तळायला लागले. ती कधी वर गेली, कधी खाली येऊन मागच्या खोलीत झोपली, कुणाला कळलं नाही.

ती सापडली तेव्हा ओठांना खीर लागलेली होती आणि झटका थांबता थांबेना. दवाखान्यात नेईपर्यंत दुसरा आला. सलाईनमध्ये साखर नको, म्हणून मी नर्सशी भांडत होते आणि ती मला वेडी समजत होती. संध्याकाळी पोरगी शुद्धीवर आली. जीभ चावलेली, शब्द नीट फुटत नव्हते. मी विचारलं, "का खाल्लंस ते? तुला माहीत होतं ना?" ती म्हणाली, "तूच म्हणतेस, ते माणसांचं जेवण असतं. ते तर माणसांचं नव्हतं. आजीचं होतं." मग म्हणाली, "आजी उपाशी राहिली का?" मावशी दारात पदर तोंडाला लावून उभी होती. "तिनंच बलावलं आसंल नातीला," असं काहीतरी पुटपुटली. मी तिला तिथूनच बार्शीच्या गाडीत बसवून दिलं. डॉक्टरांनी सकाळी सांगितलं की दोन वर्षं आता पहिल्यापासून. पोरीनं माझ्याकडे बघितलं. "म्हणजे भाकरी?" मी तिची चादर सारखी करत होते. हात न थांबवता म्हणाले, "नाही."

पुढच्या वर्षी तुझं पान असेल. पण ते नातीच्या ताटासारखं असेल, काट्यावर मोजलेलं पनीर, लोण्याचा गोळा, उकडलेला पालक. खीर नाही, वडा नाही. कावळा शिवला तर शिवला, नाही तर तूही बस टोपलीकडे बघत.

हे सगळं लिहिलं, पण तुला पाठवायचं कुठं? घडी करून काट्याच्या खोक्यात टाकून देईन. एकच गोष्ट उरली आहे, ती मी नवऱ्यालाही सांगितलेली नाही. त्या दिवशी मावशी खाली गेली तरी मी गच्चीवरच थांबले होते. खालून धप्-धप् आवाज येत होता. मला वाटलं, कुणी तरी काही तरी कुटतंय. ते पोरीचं डोकं होतं. मी रिकाम्या पानासमोर हात जोडून उभी होते. जन्मात पहिल्यांदा तू माझ्या हातचं सगळं संपवलं होतंस, आणि मला इतकं बरं वाटत होतं की खाली जावंसंच वाटेना.