टाळूवर टेकवलेला हात

माय, तुझी पणती डॉक्टर झालीय, आणि आता पुढं काय शिकायचं यावरून आठवडाभर घरात गोंधळ चाललाय. तिला मेंदूची शस्त्रक्रिया शिकायची आहे. उमरग्याच्या दवाखान्यात शिकाऊ होती तेव्हा हायवेवर डोकं फुटलेली माणसं यायची. ही पट्टी बांधून त्यांना सोलापूरला पाठवायची, पुढं त्यांचं काय झालं ते कधी कळायचं नाही. तेच तिच्या मनात सलत राहिलं. सूनबाई म्हणते, "कातडीचं शिक की, रातीची झोप तरी मिळंल. तुला लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडंना, माणसाचं डोकं काय उघडतीस?" पोरगी तेव्हा हसली. पण काल तिन्हीसांजेला ओट्यावर माझ्याजवळ येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "आबा, टाके घालताना माझा हात थरथरतो. तिथं थरथरला तर?"

मी आपला कवितेतला माणूस. शाळेत चालीवर म्हटलेल्या कविता अजून तोंडपाठ. त्यातलीच एखादी म्हणावी म्हणून तोंड उघडलं, तर शब्दांआधी तूच दिसलीस. न्हाणीत पाय लांब करून बसली आहेस. पायांवर माझी नुकती जन्मलेली बहीण, मुठीएवढी, रडायचंही बळ नसलेली. सुईण म्हणते, "आण इकडं, म्या भरते टाळू." तू देत नाहीस. वाटीतलं कोमट तेल घेतेस, आणि तुझा हात असा थरथरतो की सगळं तेल पोरीच्या कानाकडं ओघळतं. मी मधेच बोट पुढं करतो, तर फटकन मारतेस. मग वाटी खाली ठेवतेस, हात पदराला पुसतेस, जरा थांबतेस. पुन्हा तेल घेऊन त्या मऊ, खालून उडणाऱ्या जागेवर तळवा अलगद टेकवतेस. नंतर माझाही हात धुऊन तिथं ठेवलास. "दाबू नगं, नुसता ठिव," म्हणालीस. हाताखाली एखादी कविता ठेक्यात चालल्यासारखं वाटलं होतं मला.

हे तिला सांगितलं. "मग? जगली ती?"

"परवा पुरणपोळीवर तूप कमी वाढलं म्हणून रुसून गेली, ती कोण व्हती?"

"आत्याआजी!" पोट धरून हसली. मग स्वतःची बोटं न्याहाळत म्हणाली, "आणि पणजीच्या हाताची थरथर गेली का?"

"त्या दिवशी तर न्हाय गेली. तरी पोर दुसऱ्याच्या हातात दिली न्हाय तिनं."

आज सकाळी आईला म्हणाली, "ठरलं माझं. मेंदूचंच." सूनबाईनं कपाळाला हात लावला, आणि तिच्या चहात साखर चमचाभर जास्त घातली.

माय, मी तिला "जा" म्हणालो ते अगदी मनापासून. पण कातडीचं शिकली असती तर इथं आपल्या मुरूम गावातच दवाखाना टाकला असता, रोज संध्याकाळी माझ्याजवळ बसली असती, असंही मनात येऊन गेलं. हे तिला बोललो नाही. हा कागद तिच्या हाती लागला तर तिचा पाय अडकेल, म्हणून उद्या आंघोळीचं पाणी तापवताना चुलीत घालणार आहे.