रे रोडच्या वखारीतलं विमान

करी रोड, मुंबई
९ मे १९६०

प्रिय लवू,

सप्रेम नमस्कार. इकडे सगळे खुशाल. तुझ्या आईचा खोकला आता थांबला आहे. महाराष्ट्र राज्य झालं त्या संध्याकाळी त्यांना मीच शिवाजी पार्कावर रोषणाई दाखवायला घेऊन गेले होते. अनोळखी बायकांच्याही तोंडात पेढे घालत होत्या. पण गर्दीत कुणी उंच तरुण दिसला की माझी मान वळायचीच. तू नागपूरला आहेस हे माहीत असूनही.

बरं, बातमी अशी, की विमान विकलं.

तू आणि दादानं लष्कराच्या लिलावातून आणलेलं, गॅरेजमागे खपून उभं केलेलं ते पिवळं टायगर मॉथ. सिनेमाच्या जाहिराती आकाशातून उधळणार होतात ना तुम्ही! अपघातानंतर ते रे रोडच्या लाकडाच्या वखारीत पडलं होतं, एवढं तुला ठाऊक आहे. दादा दर रविवारी कुबड्या टेकत तिथं जायचा, हे मात्र मी कधी कळवलं नाही. मोडक्या पंखाशी बसायचा आणि घरी येऊन कुणाशी बोलायचा नाही. तुझी पत्रं आली की न फोडताच ट्रंकेत टाकायचा. तुझ्यावर राग आहे, असंच आम्ही सगळे समजलो. तूही तेच समजलास.

इंदूरच्या विमान चालवायला शिकवणाऱ्या एका शाळेतून रामदास नावाचे मेकॅनिक आले. त्यांचं असंच एक विमान सुट्या भागांवाचून बसून होतं. दादानं विकायला होकार दिला, पण बोल्ट सोडायला दुसऱ्याला हात लावू देईना. त्याला उन्हात एकटं सोडवेना मला, म्हणून मी डबा घेऊन तिथंच थांबले.

इंजिन उतरवताना रामदास सहज म्हणाले, "चालवणारा नवखा होता वाटतं? उतरवताना चुकला म्हणायचा."

दादाचा पाना थांबला.

"चुकला? इंजिन हवेतच बंद पडलं, साहेब. खाली कोळ्यांची घरं होती. लवूनं ते सांभाळत खाजणाच्या चिखलात नेऊन टेकवलं. माझा पाय गेला, पण मी जिवंत आहे. आणि खाली कुणाला ओरखडासुद्धा आला नाही."

एवढं बोलून तो लाकडाच्या ओंडक्यावर बसला आणि ढसाढसा रडला. पाय कापला तेव्हाही रडला नव्हता रे.

घरी येताना मी टॅक्सीत विचारलं, "मग त्याची पत्रं का नाही फोडलीस?"

"त्यात तो माफी मागत असणार. मी ती दिली असती, तर चूक त्याचीच होती असं ठरलं असतं."

"मग तसं लिहायचंस ना त्याला!"

"जमलं नाही गं. लिहायला बसलो की पायाकडं नजर जायची."

शुक्रवारी ट्रकमधून इंजिन, शेपूट, चालकापुढचा घड्याळांचा तक्ता सगळं गेलं. मला वाटलं, आता दादा खचणार. तर घरी येऊन त्यानं बांगड्याचं तिखलं दोनदा मागून घेतलं आणि घोरत झोपला. आई दारात उभी राहून ते घोरणं ऐकत होती. दुसऱ्या दिवशी गॅरेज पुन्हा उघडलं. म्हणतो, "दोन पायांचा भागीदार लागेल मला. लवूला लिही, ये म्हणावं. आणि तुझं तू काय ते लिही, मी वाचणार नाही."

माझं असं, की मध्यंतरी रत्नागिरीचं एक स्थळ आलं होतं. माणूस चांगला होता. मी नाही म्हटलं आणि आईला शाळेच्या नोकरीचं कारण सांगितलं. खरं कारण घरात सगळ्यांना माहीत होतं, पण दादासमोर तुझं नाव घ्यायची कुणाची छाती नव्हती. आता त्यानंच घेतलं. काल तर आईसुद्धा जेवताना म्हणाली, "लवूला कुळथाची पिठी आवडायची, नाही का?" आणि कुणी गप्प झालं नाही.

ये, लवू. सुट्टी मिळेल तेव्हा नव्हे, मागून घेऊन ये. इतके दिवस तुझी वाट चोरून पाहिली. आता उघड पाहते आहे.

तुझीच,
बकुळा